जयरामदादाचे गाऱ्हाणे

गोव्यातल्या मोपा गावात त्याला सगळे 'अमेरिकेचे आमदार' म्हणत. कृष्णनाथला ते आवडायचे नाही, पण कुणाकुणाचे तोंड धरणार? आणि खोटे तरी काय होते? एका पेट्रोल पंपावरून तीन मोटेलांपर्यंत पोचलेला हा गडी तिथल्या एका राज्याच्या विधानसभेत दोनदा निवडून आला होता. मतदारांची नावे त्यांच्या कुत्र्यांसकट पाठ करायचा. पण बायको, सत्यवती, गेली, आणि त्या भल्यामोठ्या घरात त्याला नावाने हाक मारणारे कुणी उरले नाही. यंदा तो निवडणुकीला उभाच राहिला नाही.

गोवा राज्य होऊन दहा वर्षे झाली होती, त्याला घर सोडून एकतीस. मधे दोनचारदा येऊन गेला, पण गणपतीत, चवथीला, एकदाही नाही. आधी धंद्याचा हंगाम, मग प्रचाराचा. या खेपेला आला तो एकच गोष्ट मनात धरून: थोरल्या जयरामदादाने 'राहा' म्हणावे. मते मागताना न अडखळलेली जीभ इथे काही उचलेना.

त्यात सुमंगलावहिनीचा पाहुणचार. सगळे पाटावर, हा खुर्चीवर. सगळ्यांना विहिरीचे पाणी, ह्याला बाटलीचे.

"वैनी, माका सकयल, पाटार बसाक जाता."

"नाका भावजी, तुमका सवय ना. उगीच दुखणें काडशात."

ज्या घरात गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीतली केळी चोरून खाल्ली, त्याच घरात पाहुणा! त्याला रडू यायचेच बाकी होते.

पाचव्या दिवशी विसर्जनाआधी सगळे देवापुढे जमले. अठ्ठ्याहत्तरीच्या दादाने नारळ हाती घेतला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणे घातले. शब्द दरवर्षीचेच, एकही इकडचा तिकडे नाही. गुरांसाठी मागितले, काजूंसाठी, लेकीसुनांसाठी. दर मागण्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. मग दादाने नारळ कपाळाला लावला.

"आनी म्हाराजा, आमचो नाथा सातासमुद्रापलीकडे एकटो आसा. थंय तेका सांभाळ, आनी एक दीस तेका घराक हाड रे म्हाराजा!"

कुणीतरी हसू दाबले. वहिनीने कपाळाला हात लावला. नाथा तर दादाच्या पाठीशीच हात जोडून उभा होता. एकतीस वर्षे इथे त्याला घरी आणण्याचे हे मागणे चालले होते, आणि त्याला पत्ताच नव्हता.

दादा डोळे मिटून उत्तराची वाट पाहत होता. सगळ्यांच्या आधी कृष्णनाथच ओरडला, "व्हय म्हाराजा!"