जोडीला शोभेल असं नाव

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेत लिहायची नव्हे, दारावर लावायची. लाकडी, हातभर लांब, वीतभर रुंद. मुलींच्या खोलीच्या दारावर दोन खिळ्यांच्या आधारानं मी सात वर्षं लटकते आहे, आणि खरं सांगते, त्यातली सहा वर्षं अकरा महिने माझी कुणाबद्दल एका शब्दाची तक्रार नव्हती. शेवटच्या महिन्यानं मात्र जीव मेटाकुटीला आणला.

माझा जन्म दातांच्या डॉक्टरमुळे झाला. आमच्या घरचे बाबा पाट्या रंगवतात. खाली त्यांचं दुकान, वर घर. डॉक्टरांच्या दवाखान्याची फळी लांबीला जास्त झाली म्हणून तिचं टोक कापलं, ते टोक म्हणजे मी. कोपऱ्यात धूळ खात पडले असते, पण त्याच आठवड्यात बाबांना पहिली मुलगी झाली. त्यांनी मला पॉलिश पेपरनं घासलं, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि निळ्या रंगात, मधोमध, तिचं नाव काढलं. ते एका नदीचं नाव होतं, म्हणून प्रत्येक अक्षराच्या पोटात त्यांनी पाण्याची बारीक लाट काढली. दुकानात आलेली गिऱ्हाइकं मुद्दाम जिना चढून मला बघायला यायची. मी फुशारून जायची, त्यात खोटं कशाला बोलू.

थोरलीला वाचता आलेला पहिला शब्द माझ्यावरचाच. घरी कुणी आलं की ती त्यांना हाताला धरून दारापाशी आणायची आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "ही मी."

मग धाकटी झाली. तिचं नाव ठेवायचं होतं. केवढं सोपं काम. बाळाकडे बघायचं, एक बरंसं नाव घ्यायचं, सगळ्यांनी मान हलवायची, संपलं. पण सरळ वागतील तर ती मोठी माणसं कसली? बाबांची बहीण, म्हणजे मुलींची आत्या, हिनं पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "थोरलीच्या नावाशी जुळायला हवं हं. दोघींना एकदम हाक मारली की कानाला गोड लागलं पाहिजे." झालं. घरातल्या चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांना त्यापुढे दुसरं काही सुचेना.

एक नदी आहे म्हणून दुसरी नदी शोधायला निघाले. पहिली आजोबांनी नाकारली, ती उन्हाळ्यात आटते. दुसरी दर दोन वर्षांनी गावं बुडवते. तिसरी छान होती, पण ती पुढे थोरलीच्या नदीला जाऊन मिळते असं निघालं. आई बाळाला थोपटत म्हणाली, "म्हणजे हिनं जन्मभर मोठीत जाऊन मिळायचं का?" तीही बाद. मग झरा झाला, तळं झालं, ढग झाले. आजी भाजी निवडता निवडता म्हणाली, "आता डबकं तेवढं राहिलंय."

आणि हा सगळा खेळ माझ्या जिवावर. बाबांचा कानावर विश्वास नाही, त्यांना नाव डोळ्यांनी बघावं लागतं. आत्यानं काही सुचवलं रे सुचवलं की ते खडू घेऊन यायचे, थोरलीच्या नावाखाली लिहायचे, दोन पावलं मागे सरून मान वाकडी करायचे. "तोकडं दिसतंय." ओलं फडकं. पुढचं नाव. "हे कडेबाहेर जातंय." ओलं फडकं. एका रविवारी बावीस वेळा. लाकूड आहे मी, फरशी नाही. माझा खालचा कोपरा फुगून आला. मला बोलता आलं असतं तरी काय उपयोग होता? पालथ्या घड्यावर पाणी.

तीन आठवडे असे गेल्यावर आत्या वैतागून म्हणाली, "खरं तर घोळ थोरलीच्या नावातच आहे. त्याला जोडच मिळत नाही. तिचंच बदलून टाका ना. सातच वर्षांची तर आहे." सगळे हसले. थोरली तिथेच उंबऱ्यात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. ती हसली नाही. मी पाहिलं. बाकी कुणाचं लक्ष असेल तर शपथ.

बाबांना धंद्यातली एक खोड आहे. फळी कोरी समोर असली की त्यांना अक्षरं सुचतात. थोरली शाळेत गेली, आई बाळाला लस टोचायला घेऊन गेली, आणि या गृहस्थांनी मला खाली काढून घासायला घेतलं. दुसरं नाव ठरायचा पत्ता नाही, आणि पहिलं पुसून मोकळे. अर्ध्या तासात माझा सगळा निळा रंग भुकटी होऊन जमिनीवर पडला. वर मला तशीच कोरी दारावर लावून, शीळ घालत ते दुकानात गेले.

थोरली घरी आली. दप्तर न उतरवता माझ्यासमोर उभी राहिली. मग जिन्यातून खाली वाकून तिनं विचारलं, "बाबा, माझं नाव कुठंय?"

"बहिणीचं ठरू दे गं, मग दोघींचं एकदमच काढतो."

"आणि ठरलंच नाही तर?"

"ठरेल की." खालून डबे हलवल्याचा आवाज आला.

तिनं आपली उशी उचलली आणि आजीच्या खोलीत नेऊन ठेवली. चार दिवस ती माझ्या दारातून आत आली नाही. सगळ्यांना वाटलं, बाळ रडतं म्हणून असेल.

पाचव्या दिवशी तिच्या वहीतून बाईंची चिठ्ठी आली. बाबांनी ती जिन्यात उभ्यानं, मोठ्यानं वाचली. "मुलगी चार दिवस वहीवर नाव घालत नाही. कालचा पेपरही बिननावाचा दिला. विचारलं तर म्हणते, घरी अजून ठरायचं आहे."

बाबा तिथेच पायरीवर बसले. आत्या पुटपुटली, "मी आपलं सहज म्हटलं होतं." आजी म्हणाली, "सहजच म्हणतेस तू सगळं." आई बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली आणि बाबांना एवढंच म्हणाली, "आधी हिचं. आत्ताच्या आत्ता."

बाबांनी मला काढलं, थोरलीला दुकानात नेलं आणि गिऱ्हाइकांच्या उंच स्टुलावर बसवलं. ब्रश हातात घेऊन ते म्हणाले, "गिऱ्हाइकानं सांगितल्याशिवाय मी अक्षर काढत नाही. सांगा बाई, काय नाव काढू?"

बाबा ब्रश धरून थांबले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं सोडून ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी तिनं आपलं नाव सांगितलं, अगदी हळू. बाबांनी ते मधोमध काढलं. डोळ्यांतल्या पाण्यानं नीट दिसेना, त्यामुळे एक अक्षर तिरकं झालं. ते तसंच ठेवलंय.

त्याच संध्याकाळी आई म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून एक नाव आवडलंय. मला कुणी विचारलंच नाही." तिनं ते सांगितलं. ना नदी, ना तळं. बाबांनी दुसरी फळी शोधली आणि ती माझ्या शेजारी लावली. आत्यानं नाक मुरडलंच. "पण जुळतंय कुठं थोरलीशी?"

थोरली म्हणाली, "जुळायला कशाला हवं? ती बहीणच आहे ना माझी."

मित्रांनो, घरात बाळ आलं की त्याच्यासाठी जागा जरूर करा. पण आधीच्या पोराला पुसून करू नका. माझं काय, लाकूड मी, माझ्यावर पुन्हा रंग चढला. पण बाबा अजून जिना चढून आले की माझ्यापाशी थांबतात आणि थोरलीचं नाव मोठ्यानं वाचतात. ती आतून ओ देते. ती ओ देईपर्यंत ते पुढे पाऊल टाकत नाहीत.