आत्याबाईंचा उजवा बूट

थोरल्यांनी बूट शिवले, त्यांच्या मुलाने बुटांना खिळे ठोकले, आणि त्या मुलाच्या मुलाने, म्हणजे माझ्या यजमानांनी, पुन्हा शिवणीकडे वळण्यात आयुष्य घालवले. माझी धाकटी लेक ही त्यांच्यानंतरची. तिघेही उत्तम कारागीर होते, हे मी घरची सून म्हणून नव्हे, जाणकार म्हणून सांगते. तरीही तिघांच्या मिळून माथ्यावर एक देणे राहिले होते. एक बूट. जोड नव्हे, एकच, उजव्या पायाचा.

हकीकत अशी. थोरल्यांचे दुकान आगीत गेले आणि त्यानंतर शहरातला एकही कातडीवाला त्यांना उधारीवर माल देईना. फक्त नदीकाठच्या टॅनरीच्या मालकाने कमावलेली कातडी गाडीत भरून पाठवली. पैसे नकोत म्हणाला. ‘माझ्या मुलीला एक जोड करून द्या,’ एवढेच मागितले, ‘मात्र शिवण कुठे दिसता कामा नये.’ मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. थोरल्यांनी तिच्या पावलांचे माप घेतले, त्या मापाचे दोन लाकडी फर्मे स्वतः तासले आणि डावा बूट पुरा करून तिच्या हाती दिला. उजवा लवकरच देतो म्हणाले. तो कापायला घेतला आणि कामाच्या पाटावरच, हातात कातडे कापायची रापी असताना, ते गेले.

माझ्या सासऱ्यांनी उजवा करून पाठवला. पण ते खिळेवाले. तो बूट मजबूत होता, देखणाही होता. मुलीने दोन्ही बूट टेबलावर शेजारी ठेवले, पाहिले आणि उजवा परत पाठवला. निरोप असा होता: ‘हा जोड नाही. हे दोन बूट आहेत.’

माझ्या यजमानांना एवढे उमगले होते की तसला बूट उलट्या बाजूने शिवून, भिजवून, उशीच्या अभ्र्यासारखा सुलटा करायचा असतो, म्हणजे टाके आत जातात. त्यांनी तो अनेकदा करून पाहिला. दर वेळी सुलटा करताना चवड्यापाशी शिवण तोंड उघडत असे आणि टाके चामडे फाडून बाहेर येत. शेवटी ते टॅनरीत जाऊन म्हणाले, ‘डावा थोडासा उसवून आत पाहू द्या.’ उत्तर मिळाले, ‘आहे तो एक. तोही उसवू?’ त्या दिवशी ते घरी येऊन, हात धुऊन जेवायला बसले.

ती मुलगी आता नव्वदीला आली होती. लग्न केले नाही. बापामागे टॅनरी तिनेच चालवली. सगळे शहर तिला आत्याबाई म्हणते. कुठल्याही समारंभात भेटल्या की आधी माझ्या पायांकडे पाहत आणि मग चारचौघांत विचारत, ‘काय हो, माझ्या उजव्या पायाचं कुठवर आलं?’ लोक हसत. मी कधी हसले नाही.

यंदा कळले की टॅनरी विकली गेली, आणि हिवाळ्याआधी पुतण्या आत्याबाईंना दूर आपल्या घरी घेऊन जाणार. मी लेकीकडे गेले; यजमानांच्या माघारी दुकान तीच चालवते. ती दुकानाच्या मागच्या खोलीत एका गिऱ्हाइकाची टाच बदलत होती.

“त्या एकदा गेल्या की हे देणं द्यायला दार राहणार नाही,” मी म्हणाले.

“आई, बाबांना जमलं नाही ते मला कसं जमेल?”

“त्यांना जमलं असतं तर मी तुझ्याकडे कशाला आले असते?”

ती हसली, पण टाचेवरची हातोडी थांबली होती. “करून बघते,” ती म्हणाली.

करून पाहिले. चवड्यापाशी फाटले. फाटलेला बूट तिने माझ्यासमोर ठेवला आणि हात धुऊन पुन्हा कामाला लागली. बापाची पुरेपूर लेक.

त्याच सुमारास दुकानात एक बाई आल्या. गळ्यात दोरीला भिंग अडकवलेले. लेकीने त्यांचे नाव लगेच भिंगवाली पाडले. त्या संग्रहालयात जुन्या वस्तू जतन करण्याचे काम करतात. नदीकाठी सांडपाण्याचा नळ टाकताना खोल काळ्या चिखलात जुन्या काळचे चामड्याचे तुकडे सापडले होते. त्यांत एक जवळजवळ अख्खा बूट होता. मूळ बुटाशेजारी मांडायला त्याची नवी प्रतिकृती कोणी करील का, असे विचारायला त्या आल्या होत्या.

“बूट एकच सापडला?” मी विचारले.

“एकच, आजी. दुसरा बहुधा मिळतच नाही.”

“म्हणजे आमच्यासारखं दुसरंही एक घर होतं तर,” लेक म्हणाली. भिंगवालीला काही कळले नाही, पण ती शहाणी. नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी संग्रहालयात गेलो. मला कोणी बोलावले नव्हते. मी गेले.

खोली थंड होती आणि ओल्या मातीचा वास होता. पसरट तबकांत पाणी, आणि पाण्यात बूट. बूट म्हणजे काय, त्याचे सुटे भाग: तळवा, वरचे चामडे, टाचेची आतली चकती, सगळे कोळशासारखे काळे. सुकू दिले तर आक्रसून तडकते, भिंगवाली सांगू लागली. म्हणून पाण्याच्या जागी हळूहळू मेणासारखा पदार्थ मुरवायचा आणि मग गोठवून वाळवायचे.

“हा उसवला कुणी?” लेकीने विचारले.

“चिखलानं. त्या चिखलात हवा पोचत नाही, म्हणून चामडं टिकतं. पण दोरा तागाचा होता, तो कुजून गेला. त्यामुळे भोकं मोकळी झाली. आमच्या दृष्टीनं हे बरंच झालं; शाबूत बुटापेक्षा उसवलेला बूट जास्त बोलतो.”

लेकीने माझ्याकडे पाहिले. आमच्या घराने ज्यासाठी एका म्हातारीच्या दाराशी विनवणी केली होती, ते इथे तबकात आयते उसवून पडले होते.

भिंगवालीने दिवा जवळ ओढला आणि दाखवले. तळव्याची भोके आरपार नव्हती. आरी आतल्या अंगाने शिरून चामड्याच्या कडेतून बाहेर आली होती. लेकीने मान हलवली. एवढे यजमानांनाही माहीत होते. मग भिंगवालीने शेजारचे तबक पुढे सरकवले. त्यात चामड्याची एक अरुंद, लांब पट्टी होती, एका कडेला जाड आणि दुसरीकडे पातळ होत गेलेली.

“आधी आम्हाला हा पट्ट्याचा तुकडा वाटला. मग भोकांमधलं अंतर मोजलं, ते तळव्याच्या भोकांशी जुळलं. ही पट्टी तळवा आणि वरचं चामडं यांच्या मध्ये शिवलेली होती.”

“मध्ये,” लेक म्हणाली.

“हो. सुलटा केल्यावर ती शिवणीची फट भरून काढते, आणि ताण...”

“ताण ती घेते. वरचं चामडं नाही.” लेक तबकावर वाकली होती, तिचा आवाज बदलला होता. “बाबा दोनच थर शिवत होते, आई. तिसरा नव्हताच.”

माझा हात सवयीने कमरेच्या किल्ल्यांकडे गेला होता. लेकीची नजर हातामागोमाग गेली आणि तिथेच राहिली.

“आई, किल्ल्या दाखव.”

“इथे?”

“दाखव तर.”

सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी हा जुडगा माझ्या हाती दिला होता. किल्ल्या बदलल्या, ओवलेली चामड्याची पट्टी तीच राहिली. थोरल्यांच्या हत्यारांच्या पेटीत अशा पट्ट्या निघाल्या होत्या. बायकांनी त्या गाठोडी बांधायला, किल्ल्या ओवायला वापरल्या. चामड्याच्या घरात पट्टीला काय तोटा? भिंगवालीने भिंग लावून पाहिले. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. भोके नव्हती.

“शिवायची राहून गेली,” लेक म्हणाली.

“रोज हात लागत आलाय म्हणून किती मऊ राहिली आहे,” भिंगवाली म्हणाली. “आजी, हिला पाण्यात ठेवू नका हं.” त्या पोरीला सगळे चामडे आपल्याच तबकात दिसते.

घरी आल्यावर मी स्वतः कात्रीने पट्टी कापली. इतकी वर्षे जुडगा माझ्या कमरेला होता. त्या दिवशी किल्ल्या सुट्या झाल्या आणि टेबलावर पसरल्या. “दोरी मिळेपर्यंत तूच सांभाळ,” मी लेकीला म्हटले. दोरी मी अजून शोधलेली नाही.

बुटाचे कातडे तिने आत्याबाईंच्या टॅनरीतूनच आणले, झाडाच्या सालीत कमावलेल्या शेवटच्या मालातले. वरचे चामडे, पट्टी, तळवा: तिन्ही थर उलटे धरून तिने मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले. थोरल्यांची पट्टी चवड्याभोवती पुरली. टाचेकडे नवी कापून लावावी लागली. मग बूट ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. चामडे मऊ झाल्यावर तिने तो मांडीवर घेतला आणि बोथट काठीने चवडा आत ढकलायला सुरुवात केली.

मी समोर खुर्ची घेऊन बसले होते. “अंगठा खाली धर,” मी म्हणाले. “इतकी घाई नको. तिकडून...”

“आई, आता बोलू नकोस.”

सासूबाई गेल्यानंतर हे वाक्य मला कोणी ऐकवले नव्हते. मी बोलले नाही. चवडा अर्ध्यावर आला आणि अडला. याच ठिकाणी यजमान दर वेळी डोळे मिटून घेत. लेकीने मिटले नाहीत. काठी बाजूला ठेवली, दोन्ही अंगठे आत घातले आणि कणीक मळावी तसे चामडे रेटत राहिली. एक ओलसर आवाज झाला. तो फाटल्याचा आवाज नव्हता. चवडा बाहेर आला होता. शिवण आत गेली होती आणि पट्टी दोन्ही चामड्यांच्या मध्ये मिटलेल्या ओठांसारखी घट्ट बसली होती. लेकीने आत थोरल्यांचा उजवा फर्मा बसवला आणि बूट वाळत ठेवला.

आत्याबाईंच्या घरी गेलो तेव्हा सामानाची खोकी बांधून झाली होती. पुतण्या खुर्च्या शोधत होता. आत्याबाईंनी डावा बूट मऊ कापडातून काढून टेबलावर ठेवला. लेकीने उजवा शेजारी ठेवला.

आत्याबाईंनी दोन्ही उचलून पारखले. कडेवरून नख फिरवले, चवड्यापाशी थांबल्या, पुन्हा फिरवले.

“रंग वेगळा आहे,” त्या म्हणाल्या.

“डावा सत्तर वर्षं आधी निघाला, आत्या,” लेक म्हणाली. “उजव्याला जरा वेळ द्या.”

“कातडं कुणाचं?”

“तुमचंच. रोख पैसे देऊन घेतलं.”

“हे बरं केलंस. उधार असतं तर पुन्हा तेवढीच वाट बघावी लागली असती.” मग त्यांनी पुतण्याला खाली बसवले. “घाल.”

“आत्या, पाय सुजलेत तुमचे.”

“घाल म्हणते ना.”

उजवा जेमतेम टाचेपर्यंत गेला, डावा तिथवरही नाही. त्यांनी वाकून स्वतःच्या पायांकडे पाहिले. “हे काही ज्यांचं माप घेतलं ते पाय नाहीत,” त्या म्हणाल्या. त्यांनी बूट उतरवायला लावले आणि दोन्ही शेजारी ठेवून एकाच कापडात गुंडाळले. आजवर त्या कापडात एकच असे. आता ते अपुरे पडत होते, तरी त्यांनी दुसरे मागितले नाही. गाठ स्वतः मारली.

“पोचला,” त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. “तुमच्या घराकडून मला आता काही येणं नाही.”

“नाही,” मी म्हणाले.

निघताना त्यांनी सवयीने माझ्या पायांकडे पाहिले. ओठ हलले. पण विचारायला काही उरले नव्हते.

“चपला बऱ्या आहेत तुमच्या,” आत्याबाई म्हणाल्या.