आईनं असुंताला सांगितलेलं

टाइग मोरिआर्टीला आयर्लंडमधल्या केरीहून अमेरिकेत येऊन चौदा वर्षं झाली होती, तरी वुस्टर शहरात तो अजून पाहुण्यासारखाच वावरायचा. दिवसभर तारेच्या कारखान्यात भट्टीपुढे भाजून निघायचं, रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जायचं आणि उरलेल्या वेळात बायकोपुढे कुरकुर करायची. ही माणसं 'कसं काय' विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत. अर्धं ताट तसंच टाकून उठतात. जिन्यात भेटली तर जिन्याकडे बघून हसतात.

त्याची बायको लिझी इथेच जन्मलेली. ती म्हणायची, "मग जा ना केरीला परत. बस त्या दगडांना मिठी मारून."

थोरला भाऊ मीहॉल समुद्रात बुडाला, घरात आई एकटी उरली, तेव्हा टाइगनं तिला बोलावून घेतलं. म्हातारीला आयरिशखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. महिन्याभरात ही झुरणीला लागेल, अशी त्याला धास्ती होती. खरं सांगायचं तर थोडी आशाही होती. आपलं दुःख समजणारं एक तरी माणूस घरात येईल, असं त्याला वाटत होतं.

पण म्हातारी झुरली नाही. नळ सोडून पाण्याखाली हात धरायची आणि स्वतःशीच हसत उभी राहायची.

"लोक पानात टाकतात म्हणून तू रागावतोस," एकदा ती म्हणाली. "मला तर बरं वाटतं बाबा. पोट भरलेली माणसं आजवर पाहिली होती कुठे?"

"आणि ते 'कसं काय' विचारून पळतात ते?"

"तेही बरंच की. आपल्याकडे विचारणारा दुपारपर्यंत हलत नसे."

बर्फाच्या गाडीवाला तिच्या हातावर बर्फाचा तुकडा ठेवायचा. ट्रामचा कंडक्टर तिला पुढची खिडकी मोकळी करून द्यायचा, आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत उगीचच फिरून यायची. त्याच ट्राममधून टाइग रोज कामावर जात होता. त्या कंडक्टरनं त्याच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. आई असं काही सांगायला लागली की टाइग विषय बदलायचा. आपण इतकी वर्षं ज्या दारावर धडका मारल्या, ते हिनं नुसता हात लावताच उघडावं, हे त्याला सोसवत नव्हतं. आईचा हेवा करतोय हे कळून तो स्वतःवर चिडायचा, आणि मग तो राग तिच्यावरच काढायचा.

त्यात भर पडली असुंताची. खालच्या मजल्यावर राहणारी ही इटालियन विधवा आईच्याच वयाची होती. तिला ना इंग्रजी येई, ना आयरिश. तरी दोघी मागच्या गॅलरीत शेंगा सोलत तासन्‌तास बोलत बसायच्या, एक आयरिशमध्ये, दुसरी इटालियनमध्ये. टाइग कामावरून यायचा तेव्हा आई वर नसायचीच. आली तर तोंडाला लसणाचा वास, आणि भूक नाही म्हणायची.

"मी घरात असतो तेव्हा तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही," तो एकदा बोललाच. "तिच्याशी बरं जमतं."

"तू दमून येतोस रे," आई म्हणाली आणि विणकामात मान घातली.

लिझी हसून म्हणाली, "पोरगी पळवल्यासारखं काय तोंड करून बसलायस?"

एका रविवारी जेवणानंतर तो पाइप ओढायला मागच्या जिन्यात बसला. खालच्या गॅलरीतून आईचा आवाज येत होता. आधी त्यानं लक्ष दिलं नाही. मग भावाचं नाव कानावर पडलं आणि पाइप तसाच हातात राहिला.

"मीहॉल गेला तर घर बसेल, असं वाटलं मला," आई सांगत होती. "तिकीट त्याच्यासाठीच आलं होतं, असुंता. अमेरिकेतल्या माझ्या भावानं त्याचंच नाव कळवलं होतं. पण मला त्याला सोडवेना. म्हटलं, धाकट्याला पाठवते. तो गेला तर चालेल. चालेल, असंच म्हटलं मी."

असुंता तिच्या भाषेत काहीतरी मायेनं बोलली आणि पुन्हा शेंगा मोडल्याचा आवाज आला.

चौदा वर्षं टाइगची समजूत होती की तो हुशार, धडपड्या, म्हणून आईनं त्याला निवडलं. कारखान्यात हाताची कातडी सोलली तेव्हाही हीच समजूत त्याला पुरली होती. आता आधी भावाचा राग आला. बुडून मेलेल्या माणसाचा. मग असुंताचा आला, कारण हे तिला सांगितलं गेलं होतं आणि त्याला नाही.

तो खाली उतरला.

"मी ऐकलं," तो म्हणाला.

"हं."

"तिला सांगतेस. मला का नाही सांगितलंस कधी?"

"तुला कळतं म्हणून," आई म्हणाली. "तिला एक अक्षर कळत नाही. म्हणून सांगता येतं."

असुंतानं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, शेंगांची परात उचलली आणि आत निघून गेली. टाइग तिच्या रिकाम्या खुर्चीत बसला.

"तोच लाडका होता तुझा."

"होता," आई म्हणाली. तिनं शब्द मऊ केला नाही. "तो माझ्याभोवती असायचा. तू सारखा कड्यावर उभा राहून जहाजं बघायचास. वाटलं, याला नाहीतरी जायचंच आहे."

"मला जायचं नव्हतं, आई."

ओच्यातला शेंगेचा एक तुकडा ती बराच वेळ बोटांनी चुरत राहिली. "मग चुकलंच माझं," शेवटी ती म्हणाली. "तू गेलास तर चालेल म्हटलं होतं. नाही चाललं. पण तोवर तू पोचला होतास, आणि परत ये म्हणायला मला तोंड नव्हतं."

टाइगला तिला क्षमा करावीशी वाटली नाही. उठून जावंसंही वाटलं नाही. अंगणातल्या दोरीवर लोकांचे कपडे वाळत होते. कुणाची तरी पोरं त्यांच्याखालून वाकून पळत होती.

"तो कसा होता?" त्यानं विचारलं. "मी आलो तेव्हा नुकतं कुठे मिसरूड फुटलं होतं त्याला. नंतरचा मीहॉल मला माहीतच नाही."

आई चाचरत सांगू लागली. मीहॉल गायचा, वल्ही मारताना शिव्या द्यायचा, लग्नाचा विषय निघाला की गोठ्यात जाऊन लपायचा. सांगता सांगता तिचा चेहरा उजळत गेला. टाइग तो उजेड बघत बसला. त्याच्या काळजात खुपतच होतं. तरी ती थांबली तेव्हा तो म्हणाला, "मग? गोठ्यातून कोण काढायचं त्याला बाहेर?"