सोडा म्हणेपर्यंत

जमीन सपाट हवी.

तीन किलो चारशे ग्रॅम.

करपलेलं पातेलं खायच्या सोड्याशिवाय निघत नाही.

थांब कुणीही म्हणावं. सोड म्हणायचा हक्क मात्र एकालाच.

गिऱ्हाइकाला कधी हुकूम करायचा नसतो. विचारायचं: हे जास्त स्पष्ट दिसतं, की हे?

दोन्ही बाजूंचे आकडे नीट बसल्याखेरीज गाडी उचलू नये.

हे सगळं एकाच घरात, एकाच सुट्टीच्या दिवशी एकमेकांत अडकलं, म्हणून एकत्र सांगावं लागतंय.

सासरे अठ्ठावीस वर्षं क्रेनखाली उभं राहून इशारे देत आले. वर केबिनमधल्या माणसाला खालचं काही दिसत नसे. त्याला दिसे तो फक्त सासऱ्यांचा हात. अंगठा वर केला, उचल. तळहात खाली केला, सावकाश उतरव. मूठ मिटली, आहे तिथं थांब. त्या हाताच्या भरवशावर टनावारी लोखंड माणसांच्या डोक्यावरून गेलं, कुणाचा केसही वाकडा झाला नाही. निवृत्तीनंतर मात्र तोच हात थरथरू लागला. आधी चहा कपातून बशीत, मग बशीतून जमिनीवर. घरच्यांनी त्यांची बशी बंद केली, मग कप बंद केला, आणि तीन आठवड्यांपूर्वी तीन किलो चारशे ग्रॅमची नात जन्मली तेव्हा तीही बंद केली. बघायची, तिच्याशी बोलायचं, पण उचलायची नाही.

"बाबा, पुढच्या महिन्यात," मुलगी म्हणायची. "जरा मान धरू दे तिला."

सासरे हात मांडीखाली दाबून ठेवत. बोलून हात थांबत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

जावई चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचा. दोन वर्षं घराच्या वरच्या मजल्यावर राहत होता, पण सासऱ्यांना काय म्हणावं हे त्याचं अजून ठरत नव्हतं. बाबा म्हणावं तर तोंडात बसत नव्हतं, मामा म्हणावं तर नातं चुकत होतं. त्यामुळे तो कर्ता गाळूनच बोलायचा. "जेवायचं ना?" "बसायचं का?" "टीव्ही लावायचा, की राहू द्यायचा?" सासऱ्यांना वाटायचं, हा आपल्याशी नाही, खोलीशी बोलतोय.

त्या सकाळी त्याने खोकं फोडून मोटारसायकल उचलून धरणारा पॅडॉक स्टँड बाहेर काढला. लाल रंगाची लोखंडी चौकट, खाली दोन छोटी चाकं, वर दोन आकडे. गाडीच्या मागच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना एकेक बॉबिन, म्हणजे रिळासारखी छोटी खुंटी, बसवायचा, त्यांच्याखाली आकडे घालायचे, चौकट खाली दाबायची, की मागचं चाक अधांतरी. मग चेन घरच्या घरी साफ करता येते. बॉबिन त्याने आदल्या दिवशीच घट्ट पिळून बसवले होते. एकच अडचण होती: आकडे घालताना गाडी सरळ उभी धरायला दुसरा माणूस हवा.

मुलगी नुकतीच न्हाऊन आली होती. सासूबाई स्वयंपाकघरात करपलेल्या पातेल्यावर तुटून पडल्या होत्या.

"मी धरतो," सासरे म्हणाले.

 मुलगी म्हणाली, "बाबा, एकशे नव्वद किलोची आहे."

"तुझी मुलगी?"

"गाडी!"

"मग काय, लहानच आहे."

मुलीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरं. गाडी न पाडता धरून दाखवा. मग तिचं बघू."

ठरलं. सासऱ्यांनी पाण्याने तोंड धुतलं, जुना जाड कापडाचा सदरा घातला आणि शेडमध्ये आले. जावयाने फरशीवर पाणसळ ठेवली होती. पाण्यातला बुडबुडा बरोबर मध्ये होता. पुढच्या ब्रेकची मूठ रबरी पट्ट्याने हँडलला आवळून बांधली होती, म्हणजे गाडी पुढे सरकणार नाही. सासऱ्यांना ते आवडलं. पोरगा बोलतो खोलीशी, पण काम गाडीशी करतो.

"आता इशारा ठरवू," ते म्हणाले. "मी केव्हा सोडायचं ते तू सांगायचं. शब्द एकच. 'सोडा'. बाकी काही ऐकणार नाही."

"चालेल," जावई म्हणाला. तिथंच घोळ झाला.

सासऱ्यांनी डावा हात हँडलवर, उजवा सीटमागच्या कडीवर ठेवला. गाडी साइड स्टँडवरून सरळ केली. जावयाने मागे जाऊन आकडे बॉबिनखाली घातले, डावीकडे वाकून पाहिलं, उजवीकडे वाकून पाहिलं, खोक्यातल्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे दोन्ही हातांनी सरळ खाली दाबलं. खट. चाक उचललं गेलं. गाडी दोन आकड्यांवर आणि पुढच्या चाकावर पहाडासारखी उभी राहिली.

"झालं," जावई म्हणाला.

सासरे जागचे हलले नाहीत.

"बसलंय नीट. आता सोडलं तरी चालेल."

"चालेल हा इशारा नाही."

"म्हणजे... सोडायला हरकत नाही."

"हरकत नाही हाही इशारा नाही."

जावयाने ओठ ओले केले. दुकानात त्याने हजारो लोकांना काच बदलून विचारलं होतं, पण मोठ्या माणसाला अमुक करा असं तोंडावर सांगायचा प्रसंग कधी आला नव्हता. "सो..." तो म्हणाला. "सोडायचं का?"

"विचारतोस की सांगतोस?"

जावई खाली बसला आणि चेन घासू लागला. निदान तेवढं तरी विचारावं लागत नव्हतं.

पत्रक, सातवी ओळ: चाक हाताने फिरवावे. इंजिन सुरू करून फिरवू नये, बोटे जातात.

त्याने गाडी न्यूट्रलमध्ये घातली आणि चाक हाताने फिरवत एकेक कडी ब्रशने घासली. सासरे धरून उभे होते. हात थरथरत नव्हता, निदान गाडीला तरी कळत नव्हतं.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "अहो, सोडा!"

सासरे हलले नाहीत. हा हक्काचा माणूस नव्हे.

"अहो, सोडा कुठं ठेवलाय?"

"वरच्या फळीवर, मिठाच्या मागे," सासऱ्यांनी मान न वळवता सांगितलं.

पुढच्या दोन तासांत तो शब्द त्या घरात नऊ वेळा उच्चारला गेला. चार वेळा पातेल्यासाठी. दोनदा सासूबाईंनी दारात येऊन, कमरेवर हात ठेवून: "सोडा म्हटलं ना, पुतळा झालात की काय!" दोनदा मुलीने, रडवेली होऊन. एकदा शेजारणीने कुंपणावरून, काय चाललंय हे न कळताच. जावयाने एकदाही नाही.

चेन चकाकू लागली. तिच्यावर तेलाचे थेंब सोडून झाले, जास्तीचं तेल फडक्याने पुसून झालं. करायला काही उरलं नाही, तेव्हा जावयाने स्वच्छ चेन पुन्हा पुसली.

"आता खाली उतरवायची, की..." तो पुटपुटला.

"उतरवताना पुन्हा धरावीच लागेल," सासरे म्हणाले. "ती मी धरलेलीच आहे. पण आधी सोडल्याशिवाय मी पुन्हा कशी धरणार?"

जावई विचारात पडला. त्यात चूक सापडेना.

साडेअकराला मुलगी शेडमध्ये आली. खांद्यावर नात, आणि नात अशी रडत होती की पाणसळीतला बुडबुडा हलावा. सकाळपासून निजत नव्हती. आईने घेऊन झालं, आजीने घेऊन झालं, पाळणा झाला, गाणं झालं.

"बाबा, मी हरले. गाडी पडली नाही, मी कबूल केलं होतं. घ्या तिला."

तिने नात पुढे केली. तीन आठवडे सासरे ज्यासाठी झुरत होते ते हातभर अंतरावर येऊन थांबलं होतं, आणि हात दोन्ही गुंतलेले. त्यांनी नातीकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर खालच्या माणसाची नव्हे, वर केबिनमध्ये बसून इशाऱ्याची वाट पाहणाऱ्याची नजर होती. समोरचा हात हलेपर्यंत त्याला काहीच करता येत नाही.

"अरे, बोल ना!" मुलगी नवऱ्यावर ओरडली. "मुलीसाठी तरी बोल!"

 जावयाने तेलकट हात पँटला पुसले, सरळ उभा राहिला आणि डोळे मिटून घेतले.

"बाबा," तो म्हणाला. "सोडा."

"आता कशाला सोडा?" आतून सासूबाई ओरडल्या. "पातेलं कधीच निघालं!"

सासऱ्यांनी आधी उजवा हात सोडला. थांबले. मग डावा. गाडी केसभरही हलली नाही. त्यांनी नात घेतली, आणि घेताक्षणी दोन्ही हात थरथरू लागले, बारीक, एकसारखे, चालू ठेवलेल्या इंजिनासारखे. मुलगी धावली. पण नातीने एक उचकी दिली, मूठ आजोबांच्या सदऱ्यात अडकवली आणि गप्प झाली. दुसऱ्या मिनिटाला झोपली.



"बाबा, द्या आता, पाळण्यात ठेवते," मुलगी हळूच म्हणाली.

"इशारा ठरलेला नाही," सासरे म्हणाले.

"मग ठरवू या," जावई म्हणाला. "म्हणजे... बाबा, ठरवा."

"उठल्यावर," सासरे म्हणाले आणि सावकाश, पाणसळ धरावी तसे, जिना चढून गेले.

ती उठली की पुन्हा रडायची, आजोबांच्या हातातच गप्प व्हायची, आणि गाडी खाली उतरवताना धरणारा माणूस मोकळा नसायचा. जावई अकरा दिवस बसने दुकानात गेला. जाताना रोज शेडमध्ये डोकावून तो चाक एकदा हाताने फिरवायचा आणि वरच्या खिडकीकडे बघून मोठ्याने सांगायचा, "बाबा, निघतो!"

स्टँड लावायला चाळीस सेकंद लागले होते.