ढब्बूची मान

मित्रांनो, माझ्या अंगावर इतके पोचे आहेत की मी जुना आहे हे वेगळं सांगायला नको. मी एक जर्मनचा टोप आहे. ॲल्युमिनियमला आमच्या करी रोडच्या चाळीत अजूनही जर्मनच म्हणतात.

एका कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं. तेव्हा मी आरशासारखा चकचकीत होतो. पहिली कित्येक वर्षं मी एका खाणावळीत भात शिजवला. पाळी सुटली की गिरणीतले लोक पंगतीला बसत आणि "आज भात मोकळा झालाय" असं कुणी म्हटलं की माझा ऊर भरून येई. पुढे गिरण्या बंद झाल्या आणि खाणावळही. ती चालवणाऱ्या आनंदीबाईंनी मला घरी आणलं, पण तोवर माझं बूड फुगलं होतं. गॅसच्या शेगडीवर मी डुगडुगायचो. मग स्टीलची भांडी आली आणि मी जिन्याखाली गेलो. तिथे एका पालीखेरीज माझी कुणी विचारपूस केली नाही.

मला तिथून बाहेर काढलं मृणालिनीताईंनी. त्या परळच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करत. निवृत्त झाल्यावर चाळीतल्या कुत्र्यांना रोज जेवण द्यायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. त्यांनी मला घासलं, भात आणि उकडलेल्या कोंबडीने भरलं आणि अंगणात ठेवलं. माझं दुसरं आयुष्य सुरू झालं.

कुत्र्याला जितकं जवळून मी पाहतो तितकं कुणीच पाहत नसेल. त्याचं तोंडच माझ्यात असतं! शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश, असं तुम्ही समजता ना? सैल, सगळ्या अंगासकट हलली तर खूश. ताठ उभी राहून नुसतं टोक थरथरलं, तर दोन पावलं मागे सरा. झोप आलेली नसताना तो जांभई देतो, ओठ चाटतो, तेव्हा तो घाबरलेला असतो. नाक कोरडं पडलं म्हणजे ताप आला असं नाही. पण म्हातारा कुत्रा एकाएकी भांडंभर पाणी पिऊ लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. हे सगळं मृणालिनीताई मुलांना सांगत, तेव्हा मी शेजारी पालथा पडून ऐकत असे.

अशातच चाळीत एक पिल्लू आलं, ढब्बू. इतका गोल आणि इतका छोटा की जेवता जेवता माझ्यातच पडायचा. आनंदीबाईंचा त्याच्यावर फार जीव जडला. एका अवसेला त्यांनी त्याच्या गळ्यात काळा दोरा बांधला, दृष्ट लागू नये म्हणून. गाठ मारली आणि त्याच्या कपाळावरून बोटं मोडली. त्याच आठवड्यात मृणालिनीताई लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. काही महिने ढब्बूला आनंदीबाईच खाऊ घालत होत्या. ढब्बू वाढला, मानेवर दाट केस आले. दोरा दिसेनासा झाला आणि सगळे विसरले.

मृणालिनीताई परतल्या तेव्हा ढब्बू बदललेला होता. माझ्याजवळ येई, वास घेई आणि उभाच राही. जीभ लांब करून वरवरचा भात ओढी, बाकीचा टाकून निघून जाई. कुणी हात पुढे केला की गुरगुरे.

"खा रे माझ्या झिला," आनंदीबाई म्हणाल्या. "आज भाताक सुकटीचा पाणी घातलंय."

"मीठ नाही ना घातलंत, आनंदीबाई? आणि कांदा?"

"नाय गो बाय! तुझ्यामुळे आमच्या माणसांनी पण कांदो सोडूचो रवलो!"

मृणालिनीताई हसल्या, पण त्यांची नजर ढब्बूवर होती. त्याच्या तोंडाच्या बाजूने कसलासा वास येत होता. "दाढ किडली असेल," त्या म्हणाल्या आणि भात आणखी मऊ शिजवू लागल्या. मित्रांनो, जाणत्या माणसाचाही अंदाज चुकतो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण टोपाला तोंड असतं ते फक्त भरण्यापुरतं.

आणि मग नको तेच झालं. शाळेतून आलेल्या छोट्या श्रेयाने ढब्बूच्या गळ्यात दोन्ही हात घातले. ढब्बू किंचाळला आणि झटक्यात वळला. श्रेयाची बाही फाटली. मृणालिनीताईंनी तिचा दंड साबणाने धुतला, उजेडात नीट पाहिला. दात लागले नव्हते. पण तिचे वडील, चाळीचे सेक्रेटरी सुशांत, रागाने लाल झाले होते.

"ताई, तुमची माया कळते हो मला. पण उद्या माझ्या पोरीचं तोंड फाडलं तर? रविवारी टेम्पो सांगितलाय. वडाळ्याला मिठागरांच्या बाजूला सोडून येतो याला. मोकळी हवा खाईल."

"तिथल्या कुत्र्यांच्या हद्दीत तो एक रात्र तरी टिकेल का, सुशांत?"

"मग रविवारच्या आत सांगा तो का चावतो ते! कारण कळलं तर बोलू."

मृणालिनीताई त्या दिवशी माझ्यासमोर पायरीवर बसून राहिल्या. ढब्बू नेहमीप्रमाणे आला, वाकायला गेला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधकामाच्या उरलेल्या विटा आणल्या, एकावर एक रचल्या आणि मला वर ठेवलं. मी थेट ढब्बूच्या तोंडासमोर आलो. भात तोच, टोप तोच. ढब्बूने मला चाटूनपुसून रिकामा केला!

"दाढ नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "दाढ दुखत असती तर इथेही दुखली असती. याला वाकता येत नाही." मग त्या थबकल्या. "श्रेयाने मिठी मारली ती गळ्यालाच."

शनिवारी डॉक्टर आले. ढब्बूला गुंगीचं इंजेक्शन दिलं, मानेवरचे केस कापले. खाली कातडीत रुतलेला काळा दोरा होता. चहूबाजूंनी जखम चिघळली होती. चाळीतले सगळे बघायला जमले होते.

"कोणी बांधला हा?" डॉक्टरांनी दोरा कापता कापता विचारलं.

"मियाच," आनंदीबाई म्हणाल्या. "नदर लागा नये म्हणान." आणि पदर तोंडावर घेऊन त्या आत निघून गेल्या.

सुशांतनी खिशातून फोन काढला. "हॅलो, टेम्पोवाले? उद्याचं राहू दे. नाही नाही, दुसरा दिवस नको. राहूच दे."

ढब्बू वाचला. पण आनंदीबाई खोलीबाहेर येईनात. शेवटी मृणालिनीताई औषध आणि कापूस घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"जखम रोज धुवायची आहे. मी जवळ गेले की तो अंग चोरतो. लहानपणापासून तुमच्याच हातचं खाल्लंय त्याने."

"माझ्याच हातान त्याका मारल्यान असता, बाय. माका जमाचा नाय."

"त्याला कुठे माहीत आहे तो दोरा कुणाचा होता ते? त्याला तुमचा हात माहीत आहे."

आनंदीबाई भीत भीत पायरीवर येऊन बसल्या. ढब्बू उठला, त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकून उभा राहिला. त्यांनी ओला कापूस मानेला लावला. तो विव्हळला, पण हलला नाही. त्या रडत होत्या आणि धूत होत्या.

आता आनंदीबाई प्रत्येक कुत्र्याच्या केसांत रोज बोटं घालून पाहतात. कुठे गोचीड आहे का, कुठे सूज आहे का. कुणी प्रेमाने पट्टा बांधला असेल तर खालून दोन बोटं सहज जातात का. श्रेया त्यांच्याकडून कुत्र्याला हात लावायला शिकते आहे, आधी हाक मारून, मग खांद्यावरून हळूच.

मित्रांनो, जनावर आपलं दुखणं सांगत नाही. ते जेवायचं थांबतं, गुरगुरतं, आणि आपण त्याला वाईट म्हणतो. तुमच्या दाराशी असं कुणी असेल तर त्याला शिक्षा करण्याआधी कुठे दुखतंय ते शोधा. लहान असताना त्याच्या गळ्यात जे बांधाल, ते त्याच्याबरोबर वाढत नाही, हे विसरू नका. मी सगळं पाहत होतो, पण गाठ सोडवायला मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.