दुफाट्या मोहाखाली

संघर्ष सरांनी कथेतली नावं सगळी बदलली होती. उकंडाचा सोमा केला, भुरीबाईची चंदा केली, आणि गावाला तर नावच ठेवलं नाही. एवढं केलं की आपण सुटलो, असं त्यांना वाटलं. माणूस लेखक झाला की असा अर्ध्या हळकुंडानं पिवळा होतो. घाटंजीपासून बारा किलोमीटरवरच्या पिंपळदरीत पत्ता सांगतात तो झाडावरून. सावरीखालची विहीर, चिंचेपुढचं वावर. एका नावाची दहा माणसं असतात, झाड मात्र एकच असतं. आणि सरांनी झाडं बदलली नव्हती.

सर तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पोरांकडून 'ऋतूची वही' करून घ्यायचं ठरवलं. कुठलं झाड कधी पानं टाकतं, कुठला पक्षी कधी येतो, हे तारखेसकट लिहायचं. त्यासाठी जुन्या नोंदी हव्या होत्या आणि त्या गावात एकाच माणसाकडे होत्या. उकंडा काका. काका वनमजूर म्हणून निवृत्त झालेले, सरांच्या वडिलांचे दोस्त. त्यांनी कापडी पिशवीतून बावीस वह्या आणून दिल्या. "पोराईले दाखव, कामी येतीन," एवढंच म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले.

वह्यांमध्ये मोठ्या, सुट्या अक्षरात एकेक ओळ असायची. 'सावर फुलली. मैना लय.' 'टिटवीनं बांधावर चार अंडी दिली.' 'पळस यंदा उशिरा.' आणि दरवर्षी मार्चमध्ये कधीतरी: 'दुफाट्याचा उगवतीकडचा फाटा उद्या गळन. झाडलं.' मग दुसऱ्या दिवशीची ओळ: 'भु. येऊन गेली.'

दुफाट्या म्हणजे नाल्यावरचं मोहाचं झाड. बुंध्यापासूनच त्याचे दोन फाटे झालेत, आणि उगवतीकडचा फाटा दुसऱ्याच्या आठ दिवस आधी फुलं गाळतो. त्या भागात कुठल्या मोहाखाली कोणी फुलं वेचायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. दुफाट्या होता नाल्यापलीकडच्या तांड्यातल्या भुरीबाईचा. तिचा नवरा रामलाल जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकांची बायको तर त्याच्याही आधी गेलेली. सरांनी एका रविवारी बावीसच्या बावीस मार्च ओळीनं वाचले आणि त्यांना सगळं समजलं. खरंच समजलं. इथपर्यंत त्यांचा काही गुन्हा नव्हता.

पुढे त्यांनी कथा लिहिली. लिहिली चांगली, हे मान्य करायलाच हवं. सावर, टिटवी, उशिराचा पळस, आधी गळणारा फाटा, सगळं जसंच्या तसं उतरवलं. पण नुसत्या नोंदींवर प्रेमकथा उभी राहीना. काहीतरी घडायला हवं, असं संपादकांनीही कळवलं. मग सरांनी घडवलं. सोमानं मोहाखाली चंदाचा हात धरला. चंदानं तो सोडवून घेतला नाही. त्यापुढेही दीड पान होतं, ते इथे सांगायचं कारण नाही.

दिवाळी अंक निघाला आणि मुख्याध्यापकांना आनंद मावेना. शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवला. शाल, नारळ, माईक. गावाला आमंत्रण, तांड्यालाही आमंत्रण, कारण अर्धी पोरं तिथलीच. उकंडा काका पांढराशुभ्र सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. कथा त्यांच्या वह्यांवरून सुचली, हे सर माईकवरून सांगणार असं त्यांना आधीच कळवलं होतं. सरांनी ते सांगितलंही. टाळ्या झाल्या. मग सगळ्यांच्या आग्रहाखातर सर कथा वाचू लागले.

दोन फाट्यांचा मोह आला तसा मागून किराणावाला मारोती ओरडला, "अबे, हा तं आपला दुफाट्या!"

लोक हसले. सरांना ती दाद वाटली. तिथे थांबायला हवं होतं, पण माणसाला दाद मिळाली की कान बंद होतात. ते आणखी जोमानं, थांबे घेऊन, आवाज चढवून-उतरवून वाचत गेले. सोमानं हात धरला तेव्हा कोणी हसत नव्हतं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. भुरीबाईची सून राखी आपल्या पोरीला घेऊन मधल्या रांगेत बसली होती. ती उठली, पदर तोंडावर ओढला, पोरीचं मनगट धरलं आणि लोकांच्या पायांतून वाट काढत निघून गेली. सरांनी ते पाहिलं आणि उरलेलं दीड पान तरीही वाचलं. का वाचलं, हे त्यांना आजतागायत सांगता येत नाही. काका शेवटपर्यंत मान खाली घालून स्वतःच्या सदऱ्याची गुंडी चाचपत राहिले.

दोन दिवसांनी काका शाळेत आले. मधली सुट्टी होती.

"संघर्ष, माह्या वह्या दे."

"काका, बसा तरी. मले बोलायचं हाय तुमच्याशी."

"बसत नाई." सरांनी पिशवी काढून दिली. काकांनी वह्या मोजल्या नाहीत. पिशवी काखेत धरून म्हणाले, "एक सांग. म्या तिचा हात कवा धरला?"

"काका, ते... गोष्टीत तसं लागते."

"कोनाले लागते?"

पटांगणात पोरं खो-खो खेळत होती. काका त्यांच्याकडे बघत सावकाश बोलले.

"लोकं मोहाखालचा पाला जाळतात, फुलं येचाले सोपी पडतात म्हनून. जाळलं का जंगल पेटते. म्हनून पयल्या वर्षी म्या झाडलं, ते ड्युटी म्हनून. मंग दुसऱ्या वर्षी झाडलं, ते ड्युटी म्हनून नाई. आदल्या दिशी झाडायचं आन् घरी यायचं. दुसऱ्या दिशी दुपारी जाऊन पाह्यचं, फुलं नसली का समजायचं, येऊन गेली. बावीस वर्सांत एक शब्द बोल्लो नाई मी तिच्याशी. कोन झाडते, हे तिले ठाऊक हाय का नाई, तेबी मले ठाऊक नाई. माह्या वहीत जे हाय ते खरं हाय, लेका. ते म्या कोनाले नाई म्हनलं नसतं. पन जे नाई ते तुवा टाकलं, आन् लोकाईले तेच खरं वाटून राह्यलं."

सरांची मान वर होईना. पोरांना ते मधमाशीच्या पोळ्याला हात लावू नका म्हणून शिकवत, आणि स्वतः मात्र कोपरापर्यंत हात घालून बसले होते. माफी मागायला तोंड उघडलं तोवर काका फाटकाबाहेर गेले होते.

मग ते तांड्यात गेले. भुरीबाईचा मुलगा सुनील अंगणात होता. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं, सगळं रीतीनं केलं. सरांनी विषय काढला तसा म्हणाला, "सर, तुमी पोरीले शिकवता, मी तुमाले काई म्हनत नाई. पन हापशीवर बाया मायले इचारतात, 'सोमा कसा हाय?' माय आता पान्यालेबी जात नाई. नाल्याकडं तं तोंडच नाई करत. म्या नाई अडवलं तिले. तिची तीच बसली." घरात भांडी वाजत होती ती थांबली. आत भुरीबाई होती हे सरांना कळलं. "तुमी आता हितं येऊ नोका," सुनील हळू म्हणाला. "आले का अजून बोलनं व्हते." सर उठले. तांड्याच्या वाटेवर दोन बायांनी त्यांना बघून पदर दातात धरला, आणि या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा आपण कोणाला दिसूच नये असं वाटलं.

त्या वर्षी सरांनी 'ऋतूची वही' बंद केली. कारण विचारलं तर अभ्यासक्रम बाकी आहे म्हणायचे. पळस फुलला तरी ते मान वर करून बघत नसत. एकदा वर्गात एका पोरीनं सांगितलं, सर, टिटवीनं अंडी दिली, तर तिला उगाच खेकसले. मग दिवसभर त्याचीही लाज वाटत राहिली.

मार्च लागला. मोहाची पानं गळून नाल्यावर खच पडला. उकंडा काकांच्या दारातला खराटा भिंतीला टेकलेलाच होता. काका तिकडे जाणार नाहीत, हे उघड होतं. गेले असते तर लोकांना नवं खाद्य मिळालं असतं. आणि पाला तसाच राहिला तर भुरीबाई येण्याचा प्रश्नच नव्हता. सरांनी फार विचार केला आणि त्यांना वाटलं, निदान एवढं तरी आपण करावं. वर्ग सुटल्यावर त्यांनी राखीच्या पोरीला बाजूला घेऊन सांगितलं, "आजीले सांग, दुफाट्याखाली झाडलेलं हाय. सकाळी तिथं कोणी नसन."

त्या संध्याकाळी त्यांनी शाळेचा खराटा उचलला आणि नाल्यावर गेले. तासभर झाडलं. हाताला फोड आले, सदरा भिजला, आणि फार दिवसांनी जीवाला जरा बरं वाटलं. सगळा पाला त्यांनी उतारावरून नाल्यात लोटून दिला. जमीन शाळेच्या ओट्यासारखी लख्ख झाली.

कोणी नसेल असं सांगितलं होतं, पण सकाळी राहवलं नाही. पळसाच्या झुडपामागे जाऊन उभे राहिले. उगवतीकडच्या फाट्याची फुलं टपटप पडत होती. उजाडता उजाडता भुरीबाई आली. एकटी, काखेत टोपली. नाल्याच्या काठावरच ती थांबली. झाडाखाली बघत राहिली, टोपली काही खाली ठेवली नाही. मग म्हणाली, "गुरुजी, पाय दिसून राह्यले तुमचे. बाहीर या."

सर बाहेर आले. कुठे बघावं ते कळेना.

"हे कोनं झाडलं?"

खरं सांगायचं होतं. पण तिची टोपली रिकामी परत जाईल या भीतीनं पुन्हा जिभेवर तेच आलं जे या माणसाला सहज जमायचं. "उकंडा काकांनी. काल येऊन गेले."

भुरीबाईनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"तो असं नाई झाडत," ती म्हणाली. "तो पाला फेकत नाई. उताराच्या अंगानं पाल्याचा बांध घालते, हातभर. फुलं गडगडून नाल्यात जात नाईत मंग." तिनं हनुवटीनं दाखवलं. सरांनी लख्ख केलेल्या जमिनीवरून फुलं घरंगळत होती आणि खालच्या पाण्यात जाऊन पडत होती. पाण्यावर पांढरा तवंगच जमला होता. "बावीस वर्सं मी त्या बांधाशी बसून येचलं. हे तुमच्या वहीत नोयतं का?"

सरांनी वाकून एक घरंगळतं फूल तळव्यानं अडवलं.

"येनार नोयतीच मी," ती वळता वळता म्हणाली. "पोरीनं झाडलं हाय म्हनून सांगतलं, म्हनून आली. वाटलं, त्यानंच झाडलं असन."

ती नाला उतरून गेली. आणि सांगायला नको, पण सांगितलंच पाहिजे: ती तांड्याच्या वाटेला लागायच्या आत सरांच्या डोक्यात 'पाल्याचा बांध' हे दोन शब्द एका सुरेख वाक्यात जाऊन बसले होते. कथेला हाच शेवट हवा होता, असं त्यांना वाटलंसुद्धा. मग आपण काय विचार करतोय हे ध्यानात आलं, आणि ते तिथेच खाली बसले. स्वतःची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती.

पण एक गोष्ट काकांना कळायला हवी होती. बावीस वर्षांत जी त्यांना कळली नव्हती ती. सर तसेच, फोडांच्या हातानं खराटा घेऊन, काकांच्या अंगणात गेले. काका दातवण करत होते.

"काका, तिले ठाऊक होतं," सर घाईघाईनं म्हणाले. "पहिल्यापासून. तुम्ही कसं झाडता, पाल्याचा बांध कसा घालता, सगळं ठाऊक होतं. आज आलती ती. तुम्ही झाडलं असन म्हनून आलती. माझं झाडणं पाहून परत गेली. तिनं स्वतः सांगतलं मले."

काकांचा हात थांबला. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, आणि सरांना वाटलं, पोचलं. काकांनी मग चूळ भरली, तोंड पुसलं, आणि सरांच्या हातातल्या खराट्याकडे बघितलं.

"चांगलं जुळवलं," ते म्हणाले. "बांधाचं तं लयच चांगलं. नाल्यावर पाह्यला असन कवा. तुमाले जमते ते, सर."

काका सरांना आजवर कधी 'सर' म्हणाले नव्हते. ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. सरांना शाळेची घंटा ऐकू आली, पण बराच वेळ पाय उचलले नाहीत.