ओके दाबण्याआधी

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि स्वभावाने अतिशय घाबरट आहे. म्हातारपणामुळे घाबरतो असं समजू नका. नवा कोरा होतो तेव्हाही घाबरायचोच. वीज गेली तर? पंखा अडकला तर? मालकाने काम चालू असतानाच बटण दाबलं तर? लोकांना वाटतं, लोखंडी डब्याला कसली आलीय काळजी! पण ज्याच्या पोटात शेकडो लोकांची लग्नं, बारशी आणि गेलेल्या माणसांचे चेहरे भरलेले असतात, त्याला निर्धास्त राहता येत नाही.

माझा जन्म सुरतेचा. तिथल्या एका गल्लीतल्या दुकानात वेगवेगळ्या खोक्यांतून माझे भाग काढले आणि स्क्रूने जोडले. तापीकाठच्या एका शेतकरी घरातल्या भाग्येश पाटीलने मला विकत घेतलं आणि पॅसेंजर गाडीने मांडीवर बसवून नवापूरला आणलं. मला कुणाचा धक्का लागू नये म्हणून तो सारा प्रवास पाय आखडून बसला होता. एसटी स्टँडच्या समोर त्याने दुकान टाकलं होतं. बायकोच्या नावावरून त्याने पाटी लावली होती, 'ममता फोटो अँड व्हिडिओ'.

ते दिवस फार चांगले होते. डोंगरातल्या गावांमधली लग्नं, चर्चमधला नाताळ, गुरुजींचा निरोप समारंभ, सगळं माझ्याकडे यायचं. भाग्येश कापायचा, जोडायचा, वर गाणी लावायचा आणि मी त्याची सीडी करून द्यायचो. गिऱ्हाईक खूश झालं की तो माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचा, "हाऊ मन्हा वाघ शे!" दसऱ्याला मला हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळायची. माळ घालताना माझ्या पंख्यावरची धूळ मात्र त्याला कधी दिसली नाही. असो, आपल्याच माणसाची किती गाऱ्हाणी सांगायची!

आता माझ्या दुखण्याकडे येतो. व्हिडिओची फाईल म्हणजे घट्ट आवळून बांधलेलं गाठोडं असतं. सगळं चित्र आणि सगळा आवाज सैलसर ठेवला तर चार लग्नांतच माझं पोट भरेल, म्हणून कॅमेरा ते दाबून बांधतो. प्रत्येक कॅमेऱ्याची गाठ निराळी असते. ही गाठ बांधणारा आणि सोडणारा जो छोटासा प्रोग्राम असतो, त्याला कोडेक म्हणतात. तो माझ्याजवळ नसला तर ते गाठोडं माझ्याच्याने उघडत नाही.

भाग्येशला 'नाही' म्हणता येत नसे. कोणी कसलीही फाईल आणो, "आना ना, करी देसू!" हे त्याचं ठरलेलं उत्तर. फाईल उघडली नाही की तो इंटरनेटवरून कोडेकचा एक गठ्ठा उतरवायचा आणि माझ्यात टाकायचा. जुना काढायचं त्याच्या मनातही येत नसे. असे एकूण सहा गठ्ठे जमले. लग्नघरी आलेल्या पाहुण्यांनी परत जायचं नावच काढू नये, तशी माझी गत झाली.

मग व्हायचं तेच झालं. एखादं जुन्या पद्धतीचं गाठोडं आलं की दोन-तीन कोडेक एकदमच गाठीला हात घालायचे. हा म्हणे मी सोडणार, तो म्हणे मी. त्यांच्या ओढाताणीत व्हिडिओ बनवणारं सॉफ्टवेअर कोसळायचं आणि पडद्यावर एक चौकट यायची. कोणामुळे पडझड झाली त्याचं नाव मी त्या चौकटीत लिहायचो. इंग्रजीत लिहायचो, बारीक अक्षरांत लिहायचो, पण दर वेळी लिहायचो. भाग्येश ते न वाचता ओके दाबायचा. मित्रांनो, मला तोंड नाही. ती चौकट हेच माझं बोलणं, आणि ते दर वेळी अर्ध्या सेकंदात पुसलं जायचं.

गेल्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी हन्ना सिस्टर दुकानात आल्या. चाळीस वर्षं नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या, ताठ कण्याच्या, पांढरी साडी नेसणाऱ्या बाई. त्यांनी पिशवीतून बामची रिकामी डबी काढली. तिच्यात कापसावर एक जुनं मेमरी कार्ड ठेवलेलं होतं.

"भाऊ, यात माझ्या दादाचा व्हिडिओ आहे," त्या म्हणाल्या. "उद्या चार वाजता नंदुरबारला जमिनीची सुनावणी आहे. मागच्या तारखेला तिथल्या कॉम्प्युटरवर हा उघडला नाही. एमपी-फोर करून पेनड्राइव्हमध्ये आणा म्हणाले. उद्याची शेवटची तारीख आहे."

"इतलंसं तं काम शे, सिस्टर! सकायले या, करी देस."

सकाळी दहाला सिस्टर आल्या तेव्हा भाग्येशने कामाला हातही लावलेला नव्हता. पासपोर्ट फोटोवाल्यांची गर्दी होती म्हणाला. सिस्टरांबरोबर त्यांचे थोरले भाऊ जेठ्याबाबा होते. त्यांना धरून धरून बाकावर बसवलं. उजवा हात निर्जीव होऊन मांडीवर पडलेला, तोंड किंचित वाकडं. वर्षभरापूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं आणि वाचा गेली होती.

सिस्टर आणि भाग्येशच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. बाबांच्या वडिलांनी डोंगराच्या कुशीत जे शेत कसलं, तेच बाबांनी जन्मभर कसलं. पण कागदावर ती जमीन जंगलखात्याची. आपली वहिवाट दोन पिढ्यांची आहे हे सांगणारे गावातले जुने लोक एकेक करून गेले. उरले फक्त जेठ्याबाबा, आणि त्यांची जीभ आता उचलत नव्हती. बारा वर्षांपूर्वी गावच्या मास्तरांनी छोट्या कॅमेऱ्यावर त्यांना शेताची हद्द फिरून दाखवताना टिपलं होतं. बाबांचा शब्द आता तेवढ्या एका कार्डात उरला होता. ते कार्ड माझ्यात घातलं तेव्हा माझा पंखा उगाचच जोरात फिरू लागला. मला खरंच भीती वाटली.

बस दीडची होती. भाग्येशने काम सुरू केलं. बारा टक्क्यांवर सॉफ्टवेअर कोसळलं. चौकट आली, त्याने ओके दाबलं. पुन्हा सुरू केलं, आता सदतीसवर कोसळलं. पुन्हा ओके.

"काय व्हई गयं याले! गरम व्हयना व्हई," म्हणत त्याने टेबलफॅन माझ्याकडे वळवला. मी गरम झालो नव्हतो हो! मग त्याने माझं झाकण उघडलं, मेमरीची पट्टी काढली, शाळेच्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले आणि परत बसवली. आता नऊ टक्क्यांवर कोसळलं. नुसता व्हिडिओ लावून मोबाईलने पडद्याचं शूटिंग करावं म्हटलं तर चित्र काळं, कारण ते कोडेक तिथेही भांडत होते. शेजारच्या स्टुडिओवाल्याला फोन केला, तो अक्कलकुव्याला लग्नात होता. साडेअकरा वाजून गेले.

घाम पुसत भाग्येश म्हणाला, "सिस्टर, आते फॉरमॅट मारनंच पडी."

मित्रांनो, हा शब्द ऐकून माझी काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून पाटी कोरी. भाग्येशची सगळी लग्नं समोर डेस्कटॉपवरच पडलेली असायची, दुसरीकडे कुठे नक्कल नाही. आणि सगळं पुसून पुन्हा मांडायला निदान तीन तास. तोपर्यंत बस निघून गेली असती, सुनावणीही हुकली असती. मला ओरडावंसं वाटत होतं की अरे, वाच रे बाबा, मी नाव लिहून देतोय! पण मला फक्त चौकट दाखवता येते. भाग्येशने शेवटचं म्हणून काम पुन्हा चालवलं, ते कोसळलं आणि मी आणखी एकदा ती दाखवली.

भाग्येशचं बोट ओकेवर गेलं.

"थांबा. दाबू नका," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ही काय म्हणते?"

"काही नही, इंग्लिशमा बडबड शे. ओके दाबं का निंघी जास."

"वॉर्डात पेशंटला ताप कशामुळे येतो ते कळेना, तर आम्ही आधी तक्ता लिहायचो. बडबडणाऱ्या पेशंटचंसुद्धा ऐकायचो." त्यांनी पर्समधून डायरी काढली, रेघा मारल्या आणि माझ्या चौकटीतलं लांबलचक नाव एकेक अक्षर बघून उतरवलं. पुढे वेळ लिहिली, टक्के लिहिले. "आता पुन्हा चालवा."

बावीसवर कोसळलं. सिस्टरांनी लिहिलं. पुन्हा चालवलं, चाळीसवर कोसळलं. सिस्टरांनी लिहिलं, आणि पेनची टोपी कागदावर टेकवली.

"टक्के दर वेळी वेगळे. नाव मात्र तिन्ही वेळा एकच. हे कोणतं औषध आहे, भाऊ?"

भाग्येश वाकून बघत राहिला. मग त्याने माझ्यात टाकलेल्या प्रोग्रामांची यादी उघडली आणि ते नाव शोधलं. त्याचे कान लाल झाले.

"हाई तं मीच टाकेल शे. दिवाळीनंतर, ड्रोनवाला लगीनसाठे." तो खाली सरकत गेला. "आनि हाई बी तेच काम करस. आनि हाई बी."

"तीन डॉक्टरांनी तीन गोळ्या दिल्या, काम तिन्हींचं एकच. सगळ्या एकदम दिल्या तर पेशंट पडणारच," सिस्टर म्हणाल्या. "एकेक बंद करा. सगळ्या एकदम नको, नाहीतर कोणती नडत होती ते कळायचं नाही."

"पन हाई काढं आनि ड्रोनवालानी फाईल बंद पडनी तं?"

"तर ती परत देता येईल. डायरीत लिहिलंय."

भाग्येशने पहिला गठ्ठा काढला आणि मला बंद करून चालू केलं. मला चालू व्हायला चार मिनिटं लागतात. एरवी भाग्येश तेवढ्यात चहा पिऊन येतो. आज तिघेही माझ्याकडे बघत बसले होते आणि मला माझ्याच संथपणाची लाज वाटत होती. काम सुरू झालं आणि पासष्टवर कोसळलं. भाग्येशने कपाळाला हात लावला. सिस्टर मात्र म्हणाल्या, "नाव बदललंय. म्हणजे आपण बरोबर चाललोय." दुसरा गठ्ठा काढला. पुन्हा चार मिनिटं. घड्याळात साडेबारा वाजले होते.

या वेळी गाठीला एकच हात लागला. दहा, वीस, चाळीस. पासष्ट टक्क्यांवर ट्यूबलाईट एकदा लुकलुकली आणि माझा जीव खालीवर झाला. वीज गेल्यावर मला जगवणाऱ्या बॅटरीचा जीव तर मागेच गेला होता. सत्तर. नव्वद. बरोबर एक वाजून पाच मिनिटांनी शंभर टक्के झाले.

"चालनं, सिस्टर, चालनं!" भाग्येश खुर्चीतून उठलाच.

"आधी लावून बघू."

त्याने व्हिडिओ लावला. पडद्यावर बारा वर्षांनी तरुण असलेले जेठ्याबाबा आले आणि घरच्या भाषेत मोठ्याने बोलू लागले. हे मोहाचं झाड माझ्या बापाने राखलं. हा दगड त्याने आणि मी मिळून लोटला. इथून नाल्यापर्यंत आमची नांगरट. डोंगरातल्या इतक्या लग्नांनी ती भाषा मला शिकवली होती, म्हणून मला शब्द न् शब्द कळला. बाकावरचे बाबा स्वतःचा आवाज ऐकून हळूहळू पुढे झुकले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा उजवा हात हलत नव्हता. सिस्टरांनी पदराने पुसलं. मग बसचा हॉर्न ऐकू आला आणि ते निघाले. भाग्येश एका हाताने बाबांना आणि दुसऱ्या हातात पेनड्राइव्ह धरून स्टँडपर्यंत गेला.

पुढचे पंधरा दिवस माझे कसे गेले म्हणून सांगू! तिकडे उघडला असेल ना? आवाज आला असेल ना? मला विचारताही येईना.

शेवटी दोघे आले. सिस्टर बाबांना बाकावर बसवून सांगू लागल्या, "उघडला, भाऊ. पण सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, हा बारा वर्षांपूर्वीचा व्हिडिओ. हे तेच कशावरून, आणि आजही यांचं म्हणणं तेच आहे कशावरून? तेवढ्यात दादाने डावा हात उचलला. व्हिडिओत मोह यायचा होता अजून, त्याआधीच तो ज्या बाजूने येणार तिकडे दादाचा हात. दगड यायच्या आधी दगडाच्या बाजूला. नाल्याला वळण आहे ना, तिथे हातही वळला. साहेबांनी पडद्याकडे बघायचं सोडलं आणि दादाच्या हाताकडेच बघत राहिले. शेताच्या मोजणीची तारीख दिली. आणि म्हणाले, त्या दिवशी बाबांनाच पुढे बसवून आणा, हद्द तेच दाखवतील."

भाग्येश खुर्चीवरून उठला. त्याने वाकून बाबांचे पाय धरले.

सिस्टरांच्या डायरीतलं ते पान आता माझ्या पडद्याशेजारी चिकटवलेलं आहे. भाग्येशने त्याखाली चौकटी उतरवून घ्यायला स्वतःची वही ठेवली आहे. माझ्यात आता कोडेकचा एकच गठ्ठा आहे, लग्नांच्या नकला दुसऱ्या डिस्कवर आहेत, आणि खरं सांगू का, पंख्यावरची धूळसुद्धा गेली आहे. भीती मात्र अजून वाटते. माझे दिवस थोडे उरलेत हे मला ठाऊक आहे.

म्हणून जाता जाता एवढंच मागतो, मित्रांनो. तुमच्या घरातल्या, शाळेतल्या यंत्राने मध्येच काम टाकलं तर त्याला थापडा मारू नका, आणि सगळं पुसून टाकायची घाई करू नका. पडद्यावर चौकट आली की बोट थोडं मागे घ्या आणि ती वाचा. जेठ्याबाबांचा हात बघायला साहेब थांबले होते, तेवढा वेळ थांबलात तरी पुरे.